पांढरे दाणे

थंडी पडली की आमच्या घरात बोलणं कमी व्हायचं. भांडण झालेलं नसायचं, कुणी रुसलेलं नसायचं. आई हलवा करायला बसलेली असायची, एवढंच. हलव्याला काटा यायला कडक थंडी लागते, आणि पाक सोडणाऱ्या बाईचं मन जागेवर लागतं, असं ती म्हणायची. नाशिकची थंडी तिला त्या बाबतीत कधी कमी पडली नाही. सिडकोतलं आमचं घर तसं लहान, पण मागच्या बाजूला धुणं वाळत घालण्यापुरती मोकळी जागा होती. तिथं ती पहाटे कोळशाची शेगडी पेटवायची, निखाऱ्यांवर राख पसरून आच मंद करायची आणि त्यावर पितळेची परात ठेवायची. परातीत कधी तीळ, कधी खसखस, कधी साबुदाणा. त्यावर चमच्याने साखरेचा पाक थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे. मी अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकायचे. सुरुवातीला कोरड्या वाळूसारखी खरखर असायची, मग दाण्यांवर साखर चढत गेली की आवाज जड व्हायचा, बारीक खडे हलवल्यासारखा. शेवटी दाण्यांना काटे फुटले की एक वेगळीच करकर ऐकू यायची. ती ऐकली की मावशी पांघरुणातून म्हणायची, "आला बघ." आईच्या बोटांची टोकं त्या दिवसांत खरखरीत व्हायची, आणि ती केसांवरून हात फिरवायला लागली की केस अडकायचे.

त्या महिन्यात घरात धड स्वयंपाक असा नसायचाच. रात्रीची बाजरीची भाकरी सकाळी दुधात कुस्करून, नाहीतर तेल-चटणी लावून. दुपारी खिचडी. बाबा सातपूरच्या कंपनीत शिफ्टला जायचे, ते डबा उघडून पुन्हा खिचडी बघायचे आणि तशीच खायचे. घरातले सगळे पाट, स्टुलं, टीव्हीचं टेबलसुद्धा हलव्याच्या ताटांनी अडलेलं असायचं. मुंग्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

हलवा आईचा, दागिने मावशीचे. शीलामावशी आईची धाकटी बहीण. लग्न मोडून ती आमच्याकडे आली ती परत गेली नाही. मामाच्या घरात तिला जागा नव्हती असं नाही, पण तिथं तिनं कपाट उघडलं तरी वहिनी वळून बघायची. आमच्याकडे तिला खिडकीजवळचा कोपरा मिळाला, आणि त्या कोपऱ्यात ती बसली की तिचा चेहरा वेगळा दिसायचा. पुठ्ठा, तार, सोनेरी कागद, काळा दोरा आणि आईचा हलवा यांच्यातून ती सुनांसाठी तन्मणी, बाजूबंद, बांगड्या करायची. जावयासाठी हार आणि नारळ. आणि बोरन्हाणाच्या बाळांसाठी मुकुट, कंबरपट्टा, बासरी, तळहातावर मावतील एवढे वाळे. बाळांचं सामान करताना ती गुणगुणायची, एरवी नाही. तिला मूल नव्हतं, ह्यावर आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही.

पार्सलं पाठवायचं सुरू झालं ते माझ्यामुळे. मी कॉलेजात होते, हातात फोन होता. शेजारच्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे फोटो मी टाकले, पुण्याच्या एका बाईने "असे मला मिळतील का" विचारलं, आणि बघता बघता नागपूर, बेळगाव, इंदूर असे पत्ते यायला लागले. पॅकिंग माझ्याकडे आलं. साखरेचा दागिना दूर पाठवायचा म्हणजे काय असतं ते पाठवणाऱ्यालाच कळतं. डब्याच्या तळाला कापूस, त्यावर बटर पेपर, दागिना सुईदोऱ्याने पुठ्ठ्याला हलकेच टाचायचा म्हणजे तो जागचा हलत नाही. वर पुन्हा कापूस. बाजूला बाळावर ओतायच्या सुट्या हलव्याची पांढऱ्या कागदाची पुडी, कारण खायच्या वस्तूला आई प्लास्टिक लागू द्यायची नाही. मग झाकण, फुग्यांचं प्लास्टिक, बाहेरचा खोका, चिकटपट्टी. सगळं झालं की मी खोका कानाशी धरून हलवायचे. आतून आवाज आला तर पुन्हा उघडायचा. खोक्यावर आई स्वतःच्या अक्षरात "नाजूक वस्तू" असं लिहायची, आणि खाली आमचं नाव, पत्ता, फोन. कुरिअरवाला खोका उचलून पोत्यात टाकायचा तेव्हा ती तोंड फिरवायची.

फुटण्यापेक्षा मोठी भीती ओलीची होती. ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्याच्या आधीच्या वर्षी कोकणात गेलेल्या एका पार्सलातला मुकुट पाझरला होता. त्या बाईने फोटो पाठवला. बाळाच्या काळ्या झबल्यावर चिकट डाग, आणि मुकुटाच्या जागी भिजलेला पुठ्ठा. मावशी त्या दिवशी जेवली नाही. म्हणून त्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत ती मेन रोडला गेली आणि पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातून ओल शोषणाऱ्या पुड्यांची पिशवी घेऊन आली. नव्या चपलांच्या, पर्सच्या खोक्यात असतात तशा, लहान, पांढऱ्या. आम्ही खूश झालो. मी प्रत्येक डब्यात एक पुडी ठेवत गेले, हलव्याच्या पुडीला खेटून, कारण तिथंच जागा होती. दोन पांढऱ्या पुड्या शेजारी शेजारी. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती आम्ही तिघींनीही पाहिली होती. बाळाच्या अंगावर ओतायच्या हलव्याच्या शेजारी आपण काय ठेवतोय हे तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. आजही दुकानातून काही आणलं की मी आधी खोक्याचे कोपरे चाचपते, आणि ती पुडी सापडेपर्यंत घरातल्या लहान पोरांना जवळ येऊ देत नाही. सगळे हसतात. हसू देत.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. गच्च्यांवर पोरं अजून पतंगाच्या मागे होती, त्यांचा ओरडा येत होता. बरीच पार्सलं पोचली होती, पण रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात, त्यामुळे थोडी अजून जायची होती. मी टेबलाशी चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होते तेव्हा फोन वाजला. चिपळूणच्या ऋतुजाताई. त्यांच्याशी महिनाभर मेसेज चालू होते. त्यांची ओवी दहा महिन्यांची होती, तिच्या डोक्याचं माप त्यांनी दोनदा पाठवलं होतं. बोरन्हाण संक्रांतीलाच असणार हे आम्हाला माहीत होतं. मला वाटलं, फोटो पाठवतायत हे सांगायला फोन असेल.

"तुमच्या डब्यात दोन पुड्या होत्या," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "दुसऱ्या पुडीत काय होतं?"

"दुसऱ्या... ती ओल लागू नये म्हणून ठेवलेली होती, ताई."

"म्हणजे खायचं नव्हतं ते?"

मी काही बोलायच्या आत त्यांच्या मागून एक आवाज आला. कोरडा, थांबून थांबून येणारा खोकला. लहान मुलाचा.

"आईंनी दोन्ही पुड्या ओतल्या काल. तिच्या मुठीत राहिले होते दाणे, आम्हाला कळलंच नाही. रात्रीपासून तिला..." आणि फोन कट झाला.

मी परत लावला. वाजत राहिला. परत लावला. आई मागच्या दारात उभी होती, हात पाकाने चिकट, कोपरं अंगापासून दूर धरलेली. मी तिला आणि कोपऱ्यातल्या मावशीला सगळं सांगितलं. शेगडीवर पाक करपायला लागल्याचा वास आला आणि कुणीच तिकडे गेलं नाही.

मावशीने एक पुडी घेतली आणि कात्रीने कापून ताटलीत ओतली. आम्ही तिघी वाकून बघत राहिलो. पांढरे गोल दाणे, थोडे चमकणारे, आणि मध्येमध्ये निळे. आई सुट्या हलव्यात गुलाबी-हिरवे दाणे मिसळायची, बाळांना बघायला आवडतात म्हणून. खिडकीच्या उजेडात लांबून बघितलं तर कुणीही म्हटलं असतं, हलवाच आहे. आईने एक दाणा उचलला, बोटात फिरवला आणि पटकन ताटलीत टाकून हात पदराला पुसला. मग पुन्हा पुसला. मी फोनवर शोधायला लागले. एका ठिकाणी लिहिलं होतं काही होत नाही, दुसऱ्या ठिकाणी निळे दाणे वाईट, तिसऱ्या ठिकाणी घशात अडकण्याबद्दल असं काही होतं की मी फोन उलटा ठेवला.

थोड्या वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. पुरुषाचा आवाज, हळू आणि नीट.

"मी ओवीचा काका. डॉक्टर विचारतायत, पुडीत नक्की काय आहे. वरचं नाव वाचून सांगा."

मी पुडीवरची अक्षरं वाचली. एकेक अक्षर सुटं करून, परीक्षेत वाचतात तसं.

"निळे दाणे आहेत का त्यात?"

"आहेत. थोडे."

तो पलीकडे कुणाला तरी सांगत होता, ते मला पुसट ऐकू आलं. मी विचारलं, "ओवी कशी आहे?"

"ॲडमिट आहे." मग त्याचा आवाज आणखी खाली आला. "एक सांगतो. बाळाला काही झालं ना, तर तुमचा पत्ता पार्सलवर आहे."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आईने माझ्याकडे बघितलं, मी तिला शब्दाला शब्द सांगितलं. मावशी उठली आणि पुढच्या दाराची कडी लावून आली. दिवसाउजेडी आमच्या दाराला कधी कडी नसायची. त्यानंतर गल्लीत गाडी थांबली की आम्ही तिघी गप्प व्हायचो. दूधवाल्याची होती, शेजाऱ्यांची होती, पण थांबायची तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोर पोलीस जीपमधून उतरून आमच्या खिडकीशी आलेले असायचे.

"अजून कुणाकुणाकडे बोरन्हाण व्हायचंय?" आईने विचारलं.

मावशीला लगेच कळलं, ती काय म्हणतेय. "ताई, थांब. एकीकडे झालं म्हणून सगळ्यांना घाबरवायचं? बाकीच्यांनी वाचली असेल पुडी, टाकली असेल. उद्या कुणी आपल्याकडून चिमूटभर हलवा घेणार नाही. आणि त्यातली कुणी पोलिसात गेली तर? आपणच कबूल केल्यासारखं होईल ते."

"होऊ दे."

"तुझं काय जातंय होऊ दे म्हणायला," मावशी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "त्या पुड्या मी आणल्या. मला कुठं जायला जागा आहे इथून?"

आई तिच्याजवळ गेली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. नळाखाली हात धुवत राहिली, पाक निघेपर्यंत. मग म्हणाली, "शीला, त्या पुड्या आत्ता लोकांच्या घरात आहेत. पोरं रांगतायत तिथं."

एवढंच बोलणं झालं. मी फोनमधले नंबर काढले. आई फोनवर कधी परक्या माणसाशी नीट बोललेली नव्हती. गॅसचा नंबर लावायचा तरी मला द्यायची. त्या सकाळी तिनं फोन हातातून सोडला नाही. प्रत्येकीला ती तेच सांगत होती. "ताई, नाशिकहून हलव्याची आई बोलतेय. डब्यात दोन पांढऱ्या पुड्या आहेत. जिच्यावर इंग्रजी लिहिलंय ती खायची नाही. आत्ता उठा, ती कचऱ्यात टाका. मी फोन धरून थांबते." "हलव्याची आई" हे तिला कुठून सुचलं कोण जाणे. आणि ती खरंच थांबायची. पलीकडून पावलं, कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी टीव्हीवरची जाहिरात असं सगळं ऐकू यायचं, आणि "टाकली" असं कानावर पडल्याशिवाय ती फोन ठेवायची नाही. काहीजणी हसल्या. "अहो, आम्हाला माहितीये की, बुटात येते ती." एकीने आईला इतकं सुनावलं की आई नुसती हो हो करत राहिली. बेळगावच्या एका आजींनी सांगितलं की त्यांनी ती पुडी "जास्तीचा हलवा" म्हणून तिळगुळाच्या डब्यात ओतून ठेवली होती, उद्या नातवाच्या बोरन्हाणाला. आईने त्यांच्याकडून सगळा डबा ओतवून घेतला. पुढचा नंबर दाबताना ती दोनदा चुकली, तेव्हा मावशीने तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला. तिचा आवाज स्थिर होता. मला तिचं नवल वाटलं.

दुपारपर्यंत एकच नंबर राहिला. दिंडोरीचा. फोन बंद. त्या बाईने पार्सल लवकर पाठवा म्हणून मागे लागून घेतलं होतं, आणि तिच्या शेवटच्या मेसेजात लिहिलेलं होतं, सोळाला संध्याकाळी बोरन्हाण आहे. त्या वर्षी संक्रांत पंधराला होती, म्हणजे त्या दिवशी सोळाच तारीख होती.

"गाडी काढ," आई म्हणाली.

मी स्कूटर चालवायला लागून फार दिवस झाले नव्हते, आणि दिंडोरी रोडवर कधी गेले नव्हते. आई मागे बसली आणि तिनं माझ्या स्वेटरची पाठ मुठीत धरली, वाटभर सोडली नाही. म्हसरूळ मागे पडलं आणि वारा बोचायला लागला. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, ट्रॅक्टर, फवारणीचा तिखट वास. मी मनात सारखी एकच गोष्ट म्हणत होते, संध्याकाळ व्हायची आहे, अजून ऊन आहे. पण जानेवारीतलं ऊन बघता बघता उतरतं. दिंडोरीत आम्ही पत्ता विचारत फिरलो. पत्त्यावर नुसतं आडनाव आणि "वणी रोड, बागेजवळ" होतं. तिथं सगळंच बागेजवळ होतं. एका किराणा दुकानातल्या माणसाने विचारलं, "बोरन्हाण हाय त्येंच्याकडं? मग त्या तिकडं, पत्र्याच्या शेडपल्याड. आत्ताच पोरं गेली समदी पळत."

शेडच्या पलीकडे घर होतं आणि अंगणात चपलांचा ढीग होता. आतून बायकांचं हसणं येत होतं. दारात एक म्हातारी बाई आली, डोक्यावर पदर, हातात कुंकवाचा करंडा. तिनं आम्हाला पाहिलं. "कोण म्हणायच्या तुम्ही?"

मी म्हटलं, "हलव्याचे दागिने आम्ही पाठवलेत. नाशिकहून."

"अगंबाई. मग या की आत. लय झ्याक केलेत दागिने, समद्या बाया बघून राहिल्या."

तिच्या खांद्यावरून आत दिसत होतं. पाटावर काळं झबलं घातलेला एक गुटगुटीत मुलगा, डोक्यावर मावशीचा मुकुट, जरा तिरका झालेला. त्याच्यासमोर मोठं ताट. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा. एका तरुण बाईने ओंजळ भरून घेतली होती आणि भोवतीची पोरं खाली पडेल ते उचलायला हात पसरून बसली होती.

आई चपला न काढता आत शिरली. जन्मभर जी बाई दुसऱ्याच्या उंबऱ्याशी थांबून "येऊ का" विचारत आली, ती त्या भरल्या खोलीतून चपलांसह सरळ पाटापर्यंत गेली आणि तिनं ते परकं मूल उचललं. मूल दचकून रडायला लागलं. बायका उठल्या.

"ओ बाई, काय करून राहिल्या? पोर द्या इकडं."

"ओतू नका," आई म्हणाली. "त्या ताटातलं कुणी खाऊ नका. पोरांचे हात बघा. त्यात खायचं नाही असं काहीतरी पडलंय, आमच्याकडून."

मी खाली बसून पोरांच्या मुठी उघडायला लागले. एकाने ताटातलं बोर आधीच उचललं होतं, दुसरीच्या मुठीत घरून आणलेलं चॉकलेट होतं. ताटाच्या कडेला दोन फाडलेल्या पुड्या पडल्या होत्या. दुसऱ्या पुडीवर तीच बारीक इंग्रजी अक्षरं होती. दाणे ताटात होते. पण पहिली ओंजळ अजून त्या तरुण बाईच्या हातातच होती. बाळाची आईच होती ती. तिनं ओंजळ हळूहळू ताटावर उघडली आणि दोन्ही हात साडीला पुसत राहिली, जसे सकाळी आईने पुसले होते.

मी सगळं सांगितलं. चिपळूणचंही सांगितलं, लपवलं नाही. ते ऐकल्यावर बाळाच्या आईने आईच्या हातातून मूल ओढून घेतलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. म्हातारीने ताट उचलून एका पोरीला दिलं. "बाहेर न्हे, पण टाकू नको तसंच, कोंबड्या खातील. खड्डा करून पूर." पोरांना रांगेने मोरीवर हात धुवायला नेलं. एवढ्यात बाळाचा बाप बागेतून आला, फवारणी अर्धी टाकून. अंगाला औषधाचा वास, तोंडावरचा रुमाल गळ्यात उतरलेला. कुणीतरी त्याला सांगितलं. तो आईसमोर येऊन उभा राहिला.

"आमच्या हाताला रोज औषध असतंय, बाई," तो म्हणाला. "साबणानं हात धुतल्याबिगर मी पोराला शिवत नाय. आन तुम्ही खायच्या डब्यात घातलं."

आईने मान खाली घातली. माझ्या मनात खूप उत्तरं होती. आम्ही मुद्दाम नाही केलं, पुडीवर लिहिलेलं आहे, तुम्ही वाचायचं होतं, तुमचा फोन बंद होता. आईने माझा हात दाबला आणि मी गप्प बसले. नंतर कितीदा तरी मला वाटलं, त्या माणसाने जे सांगितलं त्याहून जास्त काही सांगण्यासारखं नव्हतंच.

म्हातारीने चहा केला. "तोंडावर येऊन सांगितलं, ते बी कमी न्हाई," असं ती मुलाला ऐकू जाईल इतपत बोलली. आईने कप हातात धरला, पण तिला तो पिता येईना. बाळाची आई मुलाला घेऊन बाहेर आली तेव्हा त्याच्या डोक्यावरचा मुकुट काढलेला होता. आई त्या रिकाम्या कपाळाकडे बघत होती. आम्ही निघालो तेव्हा अंगणातल्या चपलांच्या ढिगाशी ती क्षणभर घुटमळली, आणि मग तिच्या लक्षात आलं की चपला तिच्या पायातच आहेत.

परत येताना अंधार पडत होता. आई मागे बसून एकदाच बोलली. "चिपळूणचा आला का फोन?" मी गाडी कडेला घेऊन मावशीला लावला. आला नव्हता. घरी पोचलो तर बाबा आलेले होते. मावशीने त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "कोणी आलं तर मी बोलेन. तुम्ही पुढं व्हायचं नाही." मग त्यांनी आपण होऊन दाराची कडी काढली. मावशीने पुन्हा लावली. त्यांनी पुन्हा काढली आणि दारातच खुर्ची टाकून बसले. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कुणी झोपलं नाही, कुणी बोललं नाही. तोवर घरातल्या शांततेला मी कधी भ्याले नव्हते.

पुढच्या वर्षीपासून आईने प्लास्टिक नको हा हट्ट सोडला, हलवा पारदर्शक डबीत जायला लागला आणि ओलीसाठी मावशीने डबा मेणकागदात बंद करायची पद्धत बसवली. गिऱ्हाईक बरंच तुटलं. काहीजणी मात्र त्या फोनमुळेच राहिल्या, असं त्यांनीच सांगितलं. मावशी आमच्याकडेच राहिली. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने शेगडी पेटवली नाही. परात भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आम्ही तिघी खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसून होतो, फोन मध्ये ठेवलेला. ऊन खोलीत आलं तेव्हा तो एकदा थरथरला. काकांचा मेसेज होता. बाळावर रात्रभर लक्ष ठेवायला दवाखान्यात थांबवलं होतं, आता घरी सोडलंय, बरी आहे. पुढं ना राग, ना माफी. मी तो मोठ्याने वाचला. आईने विचारलं, "खरं लिहिलंय ना?" तेवढ्यात ऋतुजाताईंच्या नंबरवरून एक आवाज आला, रेकॉर्ड केलेला. मला तो लावायची भीती वाटली. मावशीने बोट टेकवलं.

त्यात त्या एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. नुसती ओवी रडत होती, जोरात, श्वास भरून, पुन्हा नव्याने सुरू करत. मागे कुणीतरी म्हणत होतं, नाक धर, चमचा आत जाऊ दे. त्या बाईने तो आवाज आम्हाला का पाठवला, आमच्यावर दया म्हणून की आम्ही ऐकावं म्हणून, हे मला कधी कळलं नाही. त्यांचा पुन्हा मेसेज आला नाही, आणि मीही विचारलं नाही.

खोकला नव्हता. मी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं, कुठंच नव्हता.

आई भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. पदर तोंडाला लावलेला.

"केवढ्यानं रडतेय," मावशी म्हणाली.

"रडू दे," आई म्हणाली. "पुन्हा लाव."